बुद्धी नाठी होते, की केली जाते?

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नायगाव लागते. तालुक्याचे गाव, आणि 'नायगाव बाजार' या नावातच त्याची जुनी ओळख. त्याच्या भोवतालच्या कोणत्याही खेड्यात भरदुपारी गेले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. कर्ती माणसे शेतावर, नाहीतर नांदेड, पुणे, हैदराबाद येथे पोटामागे गेलेली, लेकरे शाळेत, आणि ओसरीवरच्या बाजेवर एक वृद्ध गृहस्थ भिंतीकडे पाहत बसलेला. ज्याने चाळीस-पन्नास वर्षे पाऊसपाणी, पेरणी, बैलांचे सौदे, सोयरिकी आणि भावकीचे तंटे डोक्यात वागवले, त्याला आता दिवसाकाठी कोणी एक प्रश्नही विचारीत नाही. मग केव्हातरी तो जेवण झाल्यावर पुन्हा भाकरी मागतो, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतो, शेतावरून परतताना वाट चुकतो. घरातले एकमेकांकडे पाहतात आणि म्हणतात, "चालायचंच. साठी बुद्धी नाठी!"

म्हणींमध्ये पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते, हे खरे; परंतु प्रत्येक म्हण शहाणपणाचीच असते असे नाही. या एका म्हणीने मराठी समाजाचे मोठे नुकसान केले आहे. म्हातारपणी बुद्धी जाणारच, असे एकदा गृहीत धरले की ती टिकवण्याचा प्रयत्न करण्याचे कारण उरत नाही आणि ती जाऊ लागली तर वैद्याकडे जाण्याचेही. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र वेगळेच सांगते. बुद्धीचा ऱ्हास हे सरसकट विधिलिखित नाही. त्याचा बराचसा भाग माणूस कसा जगतो आणि भोवतालची माणसे त्याला कसे जगू देतात, यावर अवलंबून असतो.

वार्धक्य वेगळे, आजार वेगळा

चष्मा कोठे ठेवला हे न आठवणे हे वयाचे लक्षण आहे. चष्मा कशासाठी असतो हेच न उमगणे हा आजार आहे. ओळखीच्या माणसाचे नाव पटकन न आठवणे यात काळजीचे काही नाही. जन्म ज्या गल्लीत गेला त्या गल्लीत घर न सापडणे, आयुष्यभर तोंडी हिशेब करणाऱ्याला सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, स्वयंपाकात मुरलेल्या आजीने चुलीवरचे विसरून निघून जाणे, शांत स्वभावाच्या माणसाने अकारण संशय घेऊ लागणे, ही स्मृतिभ्रंशाची चिन्हे असू शकतात. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये अशाच एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती जगापुढे मांडली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणारा प्रकार त्याखालोखाल.

भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीचा भाग म्हणून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यातील कितीजणांना आपल्याला आजार आहे हे ठाऊक असेल? खेड्यात तर 'चळ लागला' या दोन शब्दांत निदानही होते आणि उपचारही संपतात.

प्रत्येक विस्मरण स्मृतिभ्रंशच असते असेही नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, दीर्घकाळचे औदासीन्य, काही औषधांचा परिणाम, यांमुळेही वृद्ध माणूस विसराळू किंवा गोंधळलेला होतो. ही कारणे साध्या तपासण्यांत सापडतात आणि बऱ्याचदा उपचारांनी सुधारतात. म्हणीवर विसंबून घरी बसवलेल्या वृद्धाची ही संधी हुकते.

खेड्यातले वार्धक्य निरोगी?

शहरी माणसाचा एक आवडता समज आहे. खेड्यातली हवा शुद्ध, अन्न सकस, अंगमेहनत भरपूर. तेव्हा तिथली म्हातारी माणसे ठणठणीतच असणार. दुर्दैवाने उपरोक्त पाहणी या समजाला दुजोरा देत नाही. तिच्यात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले आणि शिक्षण जितके कमी तितके ते वाढलेले दिसले.

मराठवाड्याला या निष्कर्षाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. शिक्षणाचे माध्यम उर्दू, शाळा मोजक्या, आणि मुलींच्या शिक्षणाची कथा तर सांगण्यापलीकडची. आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या पिढीतील कितीतरी आजींच्या हाती पाटी कधी आलीच नाही. लहानपणचे शिक्षण मेंदूत एक राखीव शक्ती निर्माण करते आणि पुढे मेंदूची झीज सुरू झाली तरी त्या शिदोरीवर माणूस बरीच वर्षे निभावून नेतो, असे तज्ज्ञ मानतात. ती शिदोरीच ज्यांना नाकारली गेली, त्यांच्या वार्धक्याची जबाबदारी समाजावर अधिक येते.

'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित, परंतु बदलता येण्याजोगी चौदा कारणे नोंदवली. अल्पशिक्षण, बहिरेपण, उपचार न झालेला दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला झालेली इजा, औदासीन्य, एकाकीपण आणि हवेचे प्रदूषण, अशी ही यादी आहे. ही सर्व कारणे दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. याचाच दुसरा अर्थ असा की निम्म्याहून अधिक भाग अजूनही माणसाच्या हाताबाहेर आहे. तेव्हा ज्यांच्या घरी हा आजार आला, त्यांनी स्वतःला वा रुग्णाला दोष देण्याचे कारण नाही. उत्तम जगलेल्या माणसालाही तो होतो. प्रश्न आहे तो हातात असलेल्या भागाचे काय करायचे हा.

सीमाभागाची न ओळखलेली संपत्ती

नायगाव, बिलोली, धर्माबाद, देगलूर या पट्ट्यात एक गोष्ट सहज आढळते. घरात मराठी बोलणारा माणूस बाजारात तेलुगु बोलतो, जुन्या मित्राशी दखनी उर्दूत गप्पा मारतो, बिदरकडच्या सोयऱ्यांशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलतो आणि दूरदर्शनवरचे हिंदी समजून घेतो. त्याने यांपैकी एकही भाषा पुस्तकातून शिकलेली नसते. कोणी तिला शिक्षण म्हणत नाही आणि तोही स्वतःला शिकलेला समजत नाही.

ज्या हैदराबादेस या भागातील लोक दवाखान्यासाठी नेहमी जातात, तेथील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष जगभर चर्चिला गेला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार एकभाषी रुग्णांच्या तुलनेत सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले. विशेष म्हणजे कधीही शाळेत न गेलेल्या रुग्णांतही हा फरक आढळला. त्यामुळे त्याचे श्रेय केवळ शिक्षणाला देता येत नाही. अन्यत्र झालेल्या सर्वच अभ्यासांत असा स्पष्ट फरक दिसलेला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही प्रसंग पाहून भाषा बदलणे, एक शब्द दाबून दुसरा ओठावर आणणे हा मेंदूचा अखंड व्यायाम आहे, ही कल्पना पटण्यासारखी आहे.

आता या संपत्तीचे काय होते ते पाहावे. ओसरीवर बसवलेल्या वृद्धाला बाजार उरत नाही, मित्र उरत नाहीत, सोयऱ्यांकडे जाणे उरत नाही. म्हणजे चार भाषा येणारा माणूस दिवसभरात एका भाषेतली चार वाक्ये बोलतो. बहुभाषिक मेंदू असूनही त्याला मुका करण्याची ही पद्धत 'आता आराम करा' या प्रेमळ वाक्याआड लपलेली असते.

पाठांतराचेही तसेच. काकड आरती, हरिपाठ, भारूड, जात्यावरच्या ओव्या यांच्या रूपाने निरक्षर माणसाच्या स्मरणातही मोठे वाङ्मय वसत असे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या सहकार्याने २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूंची तुलना इतरांशी करण्यात आली. स्मरणाशी निगडित भागांसह मेंदूच्या अनेक भागांत पंडितांमधील करडे द्रव्य अधिक आढळले. मात्र हे पंडित तरुण होते. त्यामुळे पाठांतर केले म्हणजे म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे हे विज्ञानाशीही प्रतारणा आहे आणि परंपरेशीही. एवढे खचित म्हणता येते की मेंदू वापराने घडतो. सप्ताहात टाळ घेऊन उभा राहणारा वृद्ध एकाच वेळी गातो, आठवतो, पावले टाकतो आणि चार माणसांत असतो. यांपैकी एकही गोष्ट गोळीच्या रूपात मिळत नाही.

निवृत्ती कशातून?

मराठवाड्याच्या मातीतील एका जीवनाचे स्मरण येथे उचित ठरेल. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी येथे १९१६ मध्ये जन्मलेले नानाजी देशमुख साठी उलटल्यावर सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. लोकांनी ज्याला निवृत्ती म्हटले, ती त्यांच्या दुसऱ्या कार्यपर्वाची सुरुवात होती. गोंड्यात आणि नंतर चित्रकूटमध्ये त्यांनी ग्रामविकासाचे काम उभारले. चित्रकूटचे ग्रामोदय विद्यापीठ १९९१ मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. २७ फेब्रुवारी २०१० रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला. दुसरीकडे कंधारचे भाई केशवराव धोंडगे. विचारांनी अगदी दुसऱ्या टोकाचे, परंतु वयाची शंभरी गाठेपर्यंत सार्वजनिक जीवनाशी नाते न तोडलेले. १ जानेवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. दोन आयुष्यांवरून वैद्यकीय सिद्धांत मांडता येत नाही. पण वार्धक्याची एक वेगळी प्रतिमा मात्र ही दोन्ही माणसे मागे ठेवून गेली. उद्या सकाळी उठून काय करायचे, याचे उत्तर ज्याच्यापाशी असते तो माणूस सहसा लवकर विझत नाही.

हे केवळ मोठ्या माणसांनाच साधते असेही नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन साठी ते नव्वदीतल्या आजी तेथे अक्षरे गिरवू लागल्या. त्या आजींना नोकरी करायची नव्हती. अंगठ्याऐवजी सही करावी, पोथी स्वतः वाचावी, एवढीच त्यांची इच्छा. परंतु घरातून बाहेर पडणे, चालत जाणे, समवयस्क मैत्रिणींत बसणे, नवे काही शिकणे आणि त्यात हसू-रुसू येणे, हे सर्व त्या पाटीबरोबर आपसूक आले. अशी शाळा नायगाव तालुक्यातील प्रत्येक गावात सुरू होण्यास कोणती अडचण आहे? खोली शाळेची आहे, दुपारी मंदिराचा सभामंडप रिकामा आहे, आणि शिकवायला नातवंडे आहेत.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयोगटातील १,२६० व्यक्तींवर दोन वर्षे झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य आहार, नियमित व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबादींवर लक्ष, या चार गोष्टी एकत्र दिल्या असता बौद्धिक क्षमता अधिक चांगली राहते, असे त्यात दिसले. अमेरिकेत दोन हजारांवर वृद्धांवर झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. तेथे दोन्ही गटांची स्थिती सुधारली. परंतु ज्या गटाला ठरावीक वेळापत्रक, नियमित बैठका आणि सोबत मिळाली, त्याची सुधारणा अधिक होती. केवळ 'चालत जा, बरे खात जा' असा सल्ला देऊन भागत नाही, कोणीतरी बरोबर चालावे लागते, हा त्या प्रयोगाचा धडा आहे.

भजनाने रक्तदाब मोजला जात नाही

इथपर्यंतचे सारे वाचून परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना समाधान वाटेल. परंतु नाण्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. मेंदूची नासाडी करणारे काही शत्रू त्याच ओसरीवर, त्याच घरात, परंपरेच्याच नावाने नांदत असतात.

पहिला शत्रू न मोजलेला रक्तदाब. त्याने दुखत नाही, खुपत नाही, म्हणून त्याची दाद घेतली जात नाही; पण वर्षानुवर्षे तो मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या निकामी करीत राहतो. 'एकदा गोळी लागली की कायमची लागते' या भीतीने ती सुरूच केली जात नाही, किंवा बरे वाटताच बंद केली जाते. चीनच्या ग्रामीण भागातील ३२६ खेड्यांत, सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांवर झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मोठे डॉक्टर नव्हते. गावातल्याच आरोग्यसेवकांनी रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या, पाठपुरावा केला. चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण नेहमीचे उपचार मिळणाऱ्या गावांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी राहिले. नायगावच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्या हातून हे काम होऊ शकते, यासाठी याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

दुसरा शत्रू बहिरेपण. ऐकू न येणारा माणूस गप्पांतून बाहेर पडतो, मग बैठकीतून, मग घराच्या निर्णयांतून. लोक त्याला 'सुधरत नाही' असे समजू लागतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींचा समावेश होता. श्रवणयंत्राचा लाभ सरसकट सर्वांना दिसला नाही. पण ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका आधीच अधिक होता, त्यांच्या बौद्धिक घसरणीचा वेग तीन वर्षांत जवळपास निम्म्याने कमी झाला. चष्मा घालणे हे लाजिरवाणे मानले जात नाही. कानातले यंत्र मात्र अजून तसे मानले जाते. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आदी साधने देण्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. अशा साधनांसाठी ६५ वर्षांवरील पात्र नागरिकांना एकरकमी तीन हजार रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणली. योजना कागदावर आणणे हे सरकारचे काम. बाजेवरच्या माणसाला तपासणीपर्यंत नेणे हे घराचे आणि गावाचे.

तिसरा शत्रू चुन्याच्या डबीत आणि मिश्रीच्या पुडीत आहे. तंबाखू रक्तवाहिन्यांचे जे करते ते ओढून केले काय किंवा दाढेखाली धरून केले काय, हानी ती हानीच. चौथा शत्रू ताटात शिरला आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवस-कारळाची चटणी, करडईचे तेल हे मराठवाड्याचे मूळचे अन्न; आजही आहारतज्ज्ञ त्याला नावे ठेवणार नाहीत. त्याच्या जागी मैद्याची बिस्किटे, फरसाण, दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि वरून मिठाचे लोणचे-पापड आले. मधुमेह आता शहराचा रोग राहिलेला नाही.

सुरुवात ओसरीपासून

काय करावे, याची यादी लांब नाही. घरातील प्रत्येक वृद्धाचा रक्तदाब आणि साखर नियमित तपासावी. कान आणि डोळे वर्षातून एकदा दाखवावेत. रोज अर्धा तास चालण्यास कोणीतरी सोबत द्यावी. शेतीचा, सोयरिकीचा, खरेदी-विक्रीचा निर्णय घेताना त्यांचे मत खरोखरच विचारावे, तोंडदेखले नव्हे. पेरणीची राखण, नातवंडांचा अभ्यास, भजनी मंडळाचे नेतृत्व, गावाचा इतिहास लिहून घेण्यासाठी सांगणे, अशी झेपेल ती एक जबाबदारी त्यांच्या नावावर असावी. सुनेची सासू आणि मुलीची आई, दोघींनाही हे लागू आहे. कारण 'बायांचे काय अडले' म्हणून स्त्रियांचे कान आणि डोळे शेवटी तपासले जातात. आणि वागण्यात, स्मरणात ठळक बदल दिसला, तर मांत्रिकाकडे न नेता सरकारी रुग्णालयात न्यावे. लवकर निदान झाले तर सुधारता येणारी कारणे सुधारतात, आणि आजार खराच असेल तर निदान त्या माणसाला मारझोड, कोंडणे आणि हेटाळणी यांपासून वाचवता येते.

मातृदेवो भव, पितृदेवो भव असे म्हणणाऱ्या समाजाला २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. परंतु कायदा पोटाची भाकरी मिळवून देऊ शकतो. माणसाला माणसांत ठेवू शकत नाही. ते काम कुटुंबाचे, गल्लीचे, भजनी मंडळाचे आणि ग्रामपंचायतीचे आहे.

नायगावच्या एखाद्या ओसरीवर आज दुपारीही कोणी वृद्ध भिंतीकडे पाहत बसलेला असेल. त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि एकच प्रश्न विचारावा: यंदा पाऊस कसा वाटतो? तो चार भाषांतली माणसे, दुष्काळाची सालवारी आणि विसरल्या गेलेल्या नक्षत्रांचे आडाखे सांगू लागेल. ते ज्ञान गावाच्या उपयोगी पडेलच. पण त्याहूनही, ते सांगताना त्याची बुद्धी कामाला लागेल, आणि कामाला लागलेली बुद्धी सहजासहजी नाठी होत नाही.